रुग्णालयातील व्हीगन आहार

रुग्णालयातील व्हीगन आहार म्हणजे रुग्णालयात दाखल असलेल्या व्यक्तीला दिले जाणारे, कोणताही प्राणिजन्य पदार्थ नसलेले भोजन होय. मांस, मासे व अंडी यांबरोबरच दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा आणि मध हे पदार्थही या आहारात वर्ज्य असतात. धान्ये, कडधान्ये, डाळी, भाज्या, फळे, तेलबिया, सुकामेवा आणि सोयाबीनपासून तयार केलेले पदार्थ हा त्याचा मुख्य आधार असतो. प्राण्यांविषयीची नैतिक भूमिका, पर्यावरणाचा विचार, धर्मश्रद्धा, दुधाची ॲलर्जी किंवा वैद्यकीय सल्ला अशा वेगवेगळ्या कारणांनी रुग्ण हा आहार मागतो.

निरोगी व्यक्तीचा व्हीगन आहार आणि आजारी व्यक्तीचा व्हीगन आहार यांत महत्त्वाचा फरक आहे. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, भाजणे किंवा दीर्घ ताप यांमुळे शरीराची प्रथिनांची गरज वाढते आणि त्याच वेळी भूक मंदावते. अशा अवस्थेत ताटातून दुधाचे पदार्थ नुसते काढून टाकले आणि त्यांच्या जागी दुसरे काही दिले नाही, तर रुग्णाचे व्रत पाळले जाते, पण पोषण घटते. रुग्णालयीन व्हीगन आहाराचे नियोजन मुख्यतः ही उणीव भरून काढण्यासाठी असते.

संज्ञा व व्याप्ती

‘व्हीगन’ हा शब्द डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली इंग्लंडमध्ये ‘व्हीगन सोसायटी’ स्थापन करताना प्रचारात आणला. मराठीत त्यासाठी ‘दुग्धविरहित शाकाहार’, ‘संपूर्ण वनस्पतिजन्य आहार’ असे पर्याय वापरले जातात. तथापि बोलण्यात व छापील मजकुरात ‘व्हीगन’ हाच शब्द रूढ झाला आहे.

पाश्चात्त्य देशांत ‘शाकाहारी’ या शब्दाने अंडी व दूध चालणारा आहार सूचित होतो. भारतात शाकाहारातून अंडी वगळली जातात, परंतु दूध त्याचा अविभाज्य भाग मानले जाते. वेष्टनावरील हिरवा ठिपकाही दूध असलेल्या पदार्थाला मिळतो. त्यामुळे केवळ तो ठिपका पाहून पदार्थ व्हीगन आहे असे ठरवता येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र विनियम अधिसूचित केले आणि हिरव्या रंगातील इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचे वेगळे बोधचिन्ह ठरवले. हे चिन्ह वेष्टनबंद पदार्थांपुरते आहे. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या ताटाला ते लागू होत नाही.

जैन आहार आणि व्हीगन आहार यांतही गल्लत होते. जैन आहारात कंदमुळे वर्ज्य असतात, मात्र दूध व तूप चालते. व्हीगन आहारात बटाटा, कांदा, गाजर चालतात, दूध चालत नाही. अनेक भारतीय रुग्णालयांत ‘जैन’ हा पर्याय परिचित असल्याने व्हीगन रुग्णाच्या नावापुढे तोच लिहिला जाण्याचा संभव असतो. परिणामी रुग्णाला चालणारा बटाटा वगळला जातो आणि न चालणारे ताक ताटात येते.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय रुग्णालयांत आजाऱ्याच्या आहाराची कल्पना प्राणिजन्य पदार्थांवर आधारलेली होती. गोमांसाचा अर्क, कोंबडीचे सूप, दूध, अंडी आणि जिलेटिनची जेली ही आजाऱ्याची ठरलेली पथ्ये होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात मांसाच्या अर्काला व जेलीला पौष्टिक समजण्याच्या प्रथेवर टीका केली. दुधाचे महत्त्व मात्र त्यांनी आवर्जून सांगितले. परिचर्येच्या शिक्षणात दुधाला मिळालेले हे स्थान पुढे वसाहतींतील रुग्णालयांतही टिकून राहिले. भारतात दुधाच्या पावित्र्याची व पौष्टिकतेची जुनी धारणा आधीपासूनच असल्याने ते येथे अधिकच दृढ झाले.

रुग्णालयात दीर्घकाळ दिल्या गेलेल्या प्राणिपदार्थरहित आहाराचे एक सुपरिचित उदाहरण अमेरिकेतील आहे. जर्मनीतून स्थलांतरित झालेले डॉ. वॉल्टर केम्पनर यांनी १९३९ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात तीव्र रक्तदाब व मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना भात, फळे, फळांचे रस आणि साखर एवढाच आहार द्यायला सुरुवात केली. त्यात दिवसाला सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि अत्यल्प मीठ असे. सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या जात. रक्तदाबावरील प्रभावी औषधे उपलब्ध नसलेल्या त्या काळात या ‘भात-आहारा’ने अनेक रुग्णांचा रक्तदाब उतरला. प्राणिहित हा त्यामागील हेतू नव्हता, आणि इतका प्रथिनन्यून आहार सर्वसाधारण रुग्णासाठी आज कोणी सुचवणार नाही. तरीही दूध आणि मांसाचा अर्क यांवाचून रुग्णालयीन आहार असू शकतो, हे त्यातून दिसले.

गांधींचे आजारपण व दुधाचा प्रश्न

आजारपण, वैद्यकीय सल्ला आणि आहारविषयक निष्ठा यांतील संघर्षाचे भारतातील सर्वाधिक तपशीलवार वर्णन मो. क. गांधी यांच्या ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मचरित्रात आढळते. त्यातील प्रसंग आजच्या अर्थाने रुग्णालयातील भोजनाचे नाहीत. तरीसुद्धा त्यांत उभे राहिलेले प्रश्न तेच आहेत.

दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यात डर्बन येथे कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्या डॉक्टरांच्याच घरी उपचार घेत होत्या. गांधी जोहान्सबर्गला असताना डॉक्टरांनी दूरध्वनी करून त्यांना गोमांसाचा अर्क देण्याची परवानगी मागितली. गांधींनी रुग्णालाच विचारावे असे सुचवले. अशा बाबतीत रुग्णाला विचारण्याची आपली पद्धत नाही, असे उत्तर मिळाले. गांधी डर्बनला पोहोचले तेव्हा तो अर्क आधीच दिला गेला असल्याचे त्यांना कळले. कस्तुरबांनी तो पुढे घेण्यास ठाम नकार दिल्यावर अत्यंत अशक्त अवस्थेत त्यांना फिनिक्स आश्रमात हलवण्यात आले. त्या प्रवासासाठी सोबत गरम दुधाची बाटली मागवली होती. दुधाविषयीचा प्रश्न त्या घरात अजून उभा राहिलेला नव्हता.

तो १९१२ साली उभा राहिला. दुधाचा शेवटचा थेंब मिळवण्यासाठी गुरांवर केल्या जाणाऱ्या ‘फुंका’ या क्रूर प्रकाराविषयी वाचल्यानंतर गांधींनी टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडले. १९१४ मध्ये लंडन येथे त्यांना फुप्फुसावरणाचा दाह झाला. तेव्हा ते भुईमूग, केळी, लिंबू, टोमॅटो, द्राक्षे व ऑलिव्हचे तेल यांवर राहत होते. डॉ. जीवराज मेहता, जे पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे अधिष्ठाता झाले, यांनी दूध व धान्य घेण्याचा आग्रह धरला आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनीही तीच गळ घातली. एक रात्र विचार करून गांधींनी दुधाबाबत नकार कळवला.

१९१८ मधील आमांशानंतर मात्र प्रकृती पूर्ण ढासळली. माथेरानला हवापालट करूनही उपयोग झाला नाही. मुंबईत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली आणि दुधावाचून शरीर पुन्हा भरणार नाही असे स्पष्ट सांगितले. प्रतिज्ञा करताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला हरकत कसली, हा तोडगा कस्तुरबांनी सुचवला. १९१९ च्या आरंभी गांधींनी शेळीचे दूध घ्यायला सुरुवात केली. प्रतिज्ञेचा शब्द राखला पण तिचा आत्मा हरपला, ही खंत त्यांनी पुढे नोंदवली. दुधाला तोडीस तोड वनस्पतिजन्य पर्याय सापडेपर्यंत अशक्त रुग्णांनी आपले अनुकरण करू नये, असा इशाराही त्यांनी दिला.

दुधात असलेल्या आणि त्या फलाहारात नसलेल्या एका महत्त्वाच्या घटकाचा शोध तेव्हा लागायचा होता. बी१२ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात १९४८ साली, म्हणजे गांधींच्या मृत्यूच्याच वर्षी वेगळे करण्यात आले.

भारतीय रुग्णालयातील ताट

महाराष्ट्रातील पारंपरिक पथ्याचे अनेक पदार्थ मुळातच व्हीगन आहेत किंवा वरून पडणारे तूप वगळताच व्हीगन होतात. तांदळाची पेज, मऊ भात व मुगाचे वरण, मुगाचे कढण, साबुदाण्याची पेज, नाचणीच्या पिठाची पाण्यात शिजवलेली लापशी, भाज्यांचे सार, उकडलेल्या भाज्या, भाकरी, मोडाची उसळ ही त्यांची उदाहरणे होत. मात्र रुग्णालयात ज्या पदार्थांतून रुग्णाचे प्रथिन भरून काढले जाते, ते बहुतेक दुग्धजन्य असतात: सकाळ-संध्याकाळचे दूध, दुपारचे दही किंवा ताक, पनीर, खीर, दुधात घोळवलेली प्रथिनांची पूड. मांसाहारी रुग्णाला अंडे मिळते, व्हीगन रुग्णाला ते मार्गही बंद असतात.

याचा हिशेब साधा आहे. गाईच्या दुधात दर १०० मिलिलिटरमागे ३ ग्रॅमपेक्षा किंचित अधिक प्रथिने असतात. दोन पेले दूध आणि एक वाटी दही वगळल्यास दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिने कमी होतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० मधील शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या व्यक्तीला ही गरज ५० ग्रॅम होते. दाखल असलेल्या आजारी रुग्णांसाठी मात्र युरोपीय मार्गदर्शक सूचना साधारणपणे १.२ ते १.५ ग्रॅम असे प्रमाण सांगतात, म्हणजे त्याच व्यक्तीला ७२ ते ९० ग्रॅम. गरज सुमारे २० ते ४० ग्रॅमने वाढलेली असताना ताटातून १६ ग्रॅम कमी होणे ही गंभीर बाब ठरते.

ही तूट भरून काढण्यासाठी सोयाबीन सर्वांत उपयोगी पडते. ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून सुमारे १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्या भिजवून, पिळून, बारीक करून खिचडीत किंवा सारात मिसळल्यास मऊ आहारातही चालतात. टोफू पनीरच्या जागी वापरता येतो. डाळींत कोरड्या वजनाच्या सुमारे २२ ते २४ टक्के आणि शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. शेंगदाण्याचे कूट किंवा मऊ वाटण थोड्या आकारमानात उष्मांकही देते, आणि भूक मंदावलेल्या रुग्णासाठी तो मोठा लाभ असतो. दुधाच्या पर्यायांपैकी सोयादूधच प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जाते. बदामाचे, तांदळाचे व नारळाचे ‘दूध’ दिसायला पांढरे असले तरी त्यांत प्रथिने नाममात्र असतात.

लपलेले प्राणिजन्य पदार्थ ही वेगळी अडचण आहे. पोळीवर लावलेले तूप, फोडणीतील तूप, रस्साभाजीतील दही, बिस्किटांतील दूधभुकटी, ब्रेडमधील दुग्धघटक, काढ्यातील मध यांची नोंद आहारपत्रकावर क्वचितच असते. ‘दूध नको’ अशी सूचना स्वयंपाकघरात बहुधा पेल्यातील दुधापुरतीच समजली जाते. म्हणून दाखल होतानाच्या नोंदीत काय चालते आणि काय चालत नाही याची पदार्थवार यादी देणे अधिक उपयुक्त ठरते.

सार्वजनिक रुग्णालयांत घरून येणारा डबा ही जुनी व्यवस्था आहे आणि व्हीगन रुग्णांपैकी अनेकांचा भार तीच उचलते. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या ‘एनएबीएच’ या मंडळाच्या मानकांत, कुटुंबीय अन्न आणत असल्यास त्यांना रुग्णाच्या पथ्याची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. डब्याची मर्यादा अशी की त्यात किती प्रथिने, मीठ वा पोटॅशियम गेले याची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत होत नाही.

बी१२ जीवनसत्त्व आणि भूल

बी१२ हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीव तयार करतात. वनस्पतिजन्य अन्नात ते भरवशाच्या प्रमाणात नसते. इडली, आंबील यांसारखे आंबवलेले पदार्थ किंवा स्पिरुलिना यांवर त्यासाठी विसंबता येत नाही. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे नुकताच व्हीगन झालेला रुग्ण सहसा लगेच अडचणीत येत नाही. भारतात मात्र अल्प दूध घेणाऱ्या शाकाहारी लोकांतही ही कमतरता व्यापक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ६७ टक्के पुरुषांत बी१२ कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गीय गटात हे प्रमाण ८१ टक्के होते. अशा पार्श्वभूमीवर दूधही सोडलेल्या व्यक्तीचा मूळ साठा कमी असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

शस्त्रक्रियेच्या वेळी या कमतरतेला विशेष महत्त्व येते. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू बी१२ मधील कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करून त्याला निष्क्रिय करतो. साठा पुरेसा असेल तर सहसा काही बिघडत नाही. साठा आधीच तळाला असेल तर शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत वा आठवड्यांत हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, मज्जारज्जूला इजा होणे असे परिणाम उद्भवू शकतात, आणि ते वेळेवर ओळखले न गेल्यास कायमचे राहू शकतात. व्हीगन असल्याची माहिती आहारतज्ज्ञापुरती न राहता भूलतज्ज्ञापर्यंत पोहोचणे म्हणूनच आवश्यक असते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावर दीर्घकाळ घेतली जाणारी काही औषधेही बी१२ चे शोषण कमी करतात.

निदानात आणखी एक अडचण येते. पालेभाज्या व कडधान्यांमुळे व्हीगन आहारात फोलेट भरपूर असते. फोलेट पुरेसे असल्यास बी१२ अभावी होणारा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो, चेतासंस्थेची हानी मात्र चालूच राहते. या फोलेटच्या शोधाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. ब्रिटिश वैद्यक ल्युसी विल्स १९२८ साली मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांनी गिरणी कामगार गर्भवतींमधील रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ‘मार्माइट’ या खाद्यपदार्थाने, हा रक्तक्षय बरा होतो असे त्यांना आढळले. त्यातील गुणकारी घटक फोलेट असल्याचे पुढे सिद्ध झाले.

औषध म्हणून दिले जाणारे बी१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, त्यामुळे त्याचे इंजेक्शन सामान्यतः व्हीगन व्यक्तींना स्वीकारार्ह असते. गोळ्यांच्या बाबतीत आवरणातील घटक तपासावे लागतात.

इतर पोषकद्रव्ये

वनस्पतींतील लोहाचे शोषण कमी होते. जेवणात लिंबू पिळल्याने ते वाढते आणि जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहाने घटते. रुग्णालयांतील चहाची वेळ पाहता ही सूचना क्षुल्लक नाही. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिऱ्याचा पाला आणि कॅल्शियमयुक्त केलेले सोयादूध उपयोगी पडते. नाचणीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ओमेगा-३ मेदाम्लांचा देशी स्रोत म्हणजे जवस. आयोडीनयुक्त मिठामुळे आयोडीनची चिंता सहसा राहत नाही, मात्र मीठ कमी करण्याचे पथ्य असल्यास तिच्याकडे लक्ष द्यावे लागते.

विविध पथ्यांतील अडचणी

मूत्रपिंडविकारात पोटॅशियम व फॉस्फरस मर्यादित ठेवावे लागतात. डाळी, टोमॅटो, पालेभाज्या, सुकामेवा व शहाळ्याचे पाणी यांत पोटॅशियम अधिक असते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकल्यास त्याचे प्रमाण घटते. वनस्पतींतील फॉस्फरस फायटेटच्या रूपात असल्याने प्राणिजन्य पदार्थांतील फॉस्फरसपेक्षा कमी शोषला जातो, हा या आहाराचा लाभ आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डाळी सरसकट बंद करण्याचा जुना प्रघात त्यामुळे शिथिल होत आहे. डायलिसिसवरील रुग्णाची प्रथिनांची गरज वाढलेली असते, त्यामुळे तेथे आहारतज्ज्ञाची देखरेख अनिवार्य ठरते.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा आतड्याच्या तपासणीपूर्वी तंतुमय पदार्थ कमी द्यावे लागतात. अशा वेळी उसळी, कोंड्यासकट धान्य व सालीसकट फळे बाजूला पडतात. पांढरा भात, साल काढलेल्या मुगाचे गाळलेले वरण, टोफू, सालीवाचून शिजवलेला दुधी यांवर काही दिवस काढता येतात. केवळ पारदर्शक द्रवपदार्थ चालत असतील तेव्हा अनेक रुग्णालयांत जेली देतात. ती जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांच्या कातडी व हाडांपासून केलेली असते. आगरची जेली, नारळपाणी, गाळलेला फळांचा रस व भाज्यांचे गाळलेले सार हे तिचे पर्याय होत. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णाला वरण किंवा कढण योग्य घट्टपणा आणून देता येते.

रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाने पालेभाज्या बंद करण्याची गरज नसते. त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे असावे लागते. थायरॉइडची गोळी व सोयायुक्त पदार्थ यांत काही तासांचे अंतर ठेवतात, कारण सोया त्या औषधाचे शोषण घटवते.

नळीद्वारे व शिरेतून पोषण

तोंडाने खाता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत निवडीला वाव कमी होतो. नाकातील नळीद्वारे देण्याच्या तयार मिश्रणांत बहुधा केसीन किंवा व्हे ही दुधातील प्रथिने असतात. सोयाप्रथिनांची मिश्रणे आहेत, परंतु त्यांतील डी३ जीवनसत्त्व मेंढीच्या लोकरीतील लॅनोलिनपासून काढलेले असू शकते. अमेरिकेत ‘केट फार्म्स’सारख्या उत्पादकांनी मटारातील प्रथिनांवर आधारलेली मिश्रणे बाजारात आणली आहेत. भारतातील अनेक रुग्णालयांत नळीचे अन्न स्वयंपाकघरातच दूध, दूधभुकटी, साखर, तेल व डाळ यांपासून तयार होते. त्याऐवजी सोयापीठ, डाळ, तांदूळ, तेल व शेंगदाणा यांचे मिश्रण करता येते. पण ते नळीत अडकू नये इतके गाळावे लागते, आणि गाळताना पोषणही काही अंशी निघून जाते.

शिरेतून द्यावयाच्या मेदद्रावणात सोयाबीनचे तेल असले तरी ते पाण्यात मिसळून राहावे म्हणून अंड्यातील फॉस्फोलिपिड वापरतात. काही नव्या द्रावणांत माशांचे तेलही असते. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचीही घडण सोयातेल व अंड्यातील लेसिथिन यांवरच आधारलेली आहे.

औषधांतील प्राणिजन्य घटक

जिलेटिनच्या कॅप्सूल, गोळ्यांतील लॅक्टोज, डुकराच्या आतड्यातील आवरणापासून मिळवलेले हेपारिन, डुकराच्या स्वादुपिंडातील विकरे, तसेच भारतात सर्रास दिली जाणारी ६०,००० एककांची डी३ जीवनसत्त्वाची पूड ही नेहमीची उदाहरणे होत. काहींना पर्याय आहेत: हेपारिनऐवजी काही परिस्थितींत संश्लेषित फोंडापॅरिनक्स, लॅनोलिनच्या डी३ ऐवजी डी२ किंवा दगडफुलासारख्या शैवाकापासून मिळणारे डी३. काहींना पर्याय नाहीत. व्हीगन सोसायटीच्या व्याख्येत प्राण्यांचा वापर ‘शक्य व व्यवहार्य असेल तितका’ टाळावा असे म्हटलेले असल्याने आवश्यक औषध घेतल्याने व्यक्ती व्हीगन राहत नाही असे त्या संस्थेचे मत नाही. तरीही निर्णय रुग्णाचा असतो आणि त्याला घटकांची माहिती मागण्याचा अधिकार आहे. तातडीच्या उपचारात ही चर्चा शक्य नसते, म्हणून ती आधी होणे इष्ट मानले जाते.

बाळंतीण व बालरुग्ण

बाळंतपणानंतर महाराष्ट्रात दिले जाणारे डिंकाचे व अळिवाचे लाडू तूप वगळून तेलात किंवा शेंगदाण्याच्या कुटात बांधता येतात, अळिवाची खीर नारळाच्या दुधात होते. स्तनपान देणाऱ्या व्हीगन मातेला बी१२ चे पूरक देणे अत्यावश्यक असते. मातेत कमतरता असल्यास अंगावर पिणाऱ्या बाळात सुस्ती, रक्तक्षय व विकास खुंटणे अशी लक्षणे दिसू शकतात. आईचे दूध व्हीगन विचारसरणीत वर्ज्य नाही. ते उपलब्ध नसल्यास पूर्ण दिवसांच्या बाळाला सोयाधारित शिशुआहार देता येतो. अकाली जन्मलेल्या बाळांसाठी तो योग्य मानला जात नाही. बदामाचे किंवा ओटचे पेय शिशुआहाराची जागा घेऊ शकत नाही.

तज्ज्ञसंस्थांत या विषयावर एकमत नाही. अमेरिकेच्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुनियोजित व्हीगन आहार सर्व वयोगटांना योग्य असल्याचे म्हटले. जर्मनीच्या पोषण संस्थेने त्याच वर्षी गर्भवती, स्तनदा माता, अर्भके व मुले यांना त्याची शिफारस करता येत नाही अशी भूमिका घेतली.

कायदे व धोरणे

पोर्तुगालने २०१७ साली सार्वजनिक उपाहारगृहांत, रुग्णालये व तुरुंग धरून, कोणताही प्राणिजन्य पदार्थ नसलेला पर्याय देणे कायद्याने बंधनकारक केले. मागणी कमी असल्यास आधी नोंदणी मागण्याची मुभा त्यात आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याच वर्षी रुग्णालयांनी आरोग्यदायी वनस्पतिजन्य भोजन उपलब्ध करावे असा ठराव केला. कॅलिफोर्नियात सेनेटर नॅन्सी स्किनर यांनी मांडलेला असा कायदा २०१८ मध्ये संमत झाला आणि न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये रुग्णाने मागितल्यास प्रत्येक जेवणात वनस्पतिजन्य पर्याय विनामूल्य देण्याची तरतूद केली. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२० मध्ये एका रोजगार न्यायाधिकरणाने नैतिक व्हीगनवाद ही २०१० च्या समता कायद्याखाली संरक्षित तात्त्विक श्रद्धा असल्याचा निर्णय दिला. हा खटला नोकरीसंबंधी होता, पण त्याचे दाखले रुग्णालयीन भोजनाच्या चर्चेतही दिले जातात.

न्यूयॉर्क शहराच्या ११ सार्वजनिक रुग्णालयांनी २०२२ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. दुपारच्या व नंतर रात्रीच्या जेवणातही वनस्पतिजन्य पदार्थ प्रथम सुचवले जाऊ लागले. मांसाहार बंद झाला नाही, तो मागून घ्यावा लागतो. पात्र रुग्णांपैकी सुमारे निम्मे वनस्पतिजन्य ताट स्वीकारतात आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक समाधानी असतात, अशी आकडेवारी त्या संस्थेने दिली आहे. रुग्णाला काय आवडते यापेक्षा त्याला आधी काय विचारले जाते यावर ताट ठरते, असे समर्थक म्हणतात. आजारी माणसाने नेहमीचे अन्न मागून घ्यावे लागणे योग्य नाही, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

भारतात रुग्णालयांनी व्हीगन भोजन द्यावे असे बंधन घालणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. मोठ्या शहरांतील काही खाजगी रुग्णालयांत आहारतज्ज्ञाशी आधी बोलून तशी सोय होते. इतरत्र ‘शाकाहारी, दूध-दही-तूप वर्ज्य, त्याऐवजी सोया’ अशी स्पष्ट नोंद केसपेपरवर करून घेणे आणि प्रत्येक पाळीच्या परिचारिकेला तिची आठवण देणे, असा मार्ग अवलंबला जातो.